बिस्मार्कचा कोट निळा की पांढरा?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत आंतोन फॉन वेर्नर या जर्मन युद्धचित्रकारावर लेख आला. मराठीत या माणसावर सहसा कोणी लिहीत नाही, त्यामुळे लेखाचे स्वागतच आहे. तक्रार आहे ती त्यासोबतच्या चित्राबद्दल, म्हणजे व्हर्सायला जर्मन सम्राटाची घोषणा झाली त्या प्रसंगाच्या चित्राबद्दल. छापलेले चित्र एक आणि त्याखालची ओळ दुसऱ्याच चित्राची, असे झाले आहे. ओळ म्हणते की हे चित्र १८८५ चे असून आज हॅम्बुर्गजवळ फ्रीडरिश्सरू येथील बिस्मार्क संग्रहालयात आहे. छापलेले चित्र मात्र १८७७ चे आहे आणि ते आज कुठेच नाही. दुसऱ्या महायुद्धात ते नष्ट झाले, मागे राहिली ती त्याची काळीपांढरी छायाचित्रे. त्यातलेच एक आपण छापले, तेही उजवीकडून चार बोटे कापून.

एवढ्याशा ओळीसाठी पत्र कशाला, असे वाटेल. कारण आमच्या भागातले आहे. वडसा, आरमोरी, ब्रह्मपुरी, लाखांदूर या पट्ट्यात पुरवणीतली चित्रे रद्दीत जात नाहीत. चित्रकलेचे मास्तर ती कापून फाइलला लावतात, पेंटर लोक रंगाच्या पेटीच्या झाकणाला आतून चिकटवतात. नाटकाच्या पडद्यावर दरबार काढायचा असो की जिल्हा परिषदेच्या शाळेत 'बोलकी भिंत' करायची असो, नमुना तिथूनच निघतो. वर्तमानपत्रातली चूक दुसऱ्या दिवशी शिळी होते. भिंतीवर चढलेली चूक मात्र पुढचा रंग मारेपर्यंत पोरे रोज वाचतात.

आधी चित्रांचा घोळ सोडवू. प्रसंग १८ जानेवारी १८७१ चा. पॅरिसला जर्मन फौजांचा वेढा पडलेला होता आणि जवळच्या व्हर्सायच्या राजवाड्यात, आरसेमहालात, प्रशियाचा राजा विल्हेल्म याला जर्मन सम्राट म्हणून घोषित केले गेले. तारीख मुद्दाम धरलेली होती. १७०१ साली याच तारखेला प्रशियाच्या पहिल्या राजाने कोनिग्सबर्गला मुकुट घातला होता. वेर्नर त्या दालनात स्वतः हजर होता आणि पुढच्या चौदा वर्षांत त्याने हा प्रसंग तीनदा रंगवला. पहिले चित्र १८७७ चे, सम्राटाच्या ८० व्या वाढदिवसाला जर्मन राजेरजवाड्यांनी दिलेली भेट. सव्वाचार मीटरहून उंच आणि सात मीटरहून रुंद. दुसरे १८८२ चे, बर्लिनच्या जुन्या शस्त्रागारासाठी केलेले. तिसरे १८८५ चे, विल्हेल्मचा पंतप्रधान बिस्मार्क याच्या ७० व्या वाढदिवसाला राजघराण्याकडून गेलेले, जेमतेम दोन मीटर रुंद. पहिली दोन्ही युद्धात गेली. आज रंगीत पुस्तकांत आणि मोबाइलवर जे दिसते ते तिसरे, सर्वांत लहान.

ओळखायची खूण सोपी आहे. पहिल्या चित्रात आपण दालनात बरेच मागे उभे आहोत असे वाटते. डावीकडे चौथऱ्यावर सम्राट आणि राजेलोक, आणि उरलेला सगळा पट अधिकाऱ्यांच्या गर्दीचा. तलवारी आणि शिरस्त्राणे उंचावलेली, उंच कमानी, वर पुष्कळ मोकळी जागा. बिस्मार्क निळ्या कोटात आहे आणि तो शोधावा लागतो. तिसऱ्या चित्रात गर्दी आटली, माणसे जवळ आली आणि मधोमध बिस्मार्क पांढऱ्याशुभ्र कोटात उभा. आजूबाजूला सगळे निळे, काळे, त्यामुळे नजर दुसरीकडे जातच नाही. म्हणजे या दोघांपैकी कोट पांढरा असेल तर १८८५. कोट निळा असून गर्दी मोठी असेल तर १८७७. आपण उजवी बाजू कापल्यामुळे गर्दीच गेली आणि पहिले चित्र तिसऱ्यासारखे दिसू लागले. बहुधा ओळ लिहिणाऱ्याचा घोटाळा तिथेच झाला असावा.

खरे काय होते? त्या दिवशी बिस्मार्क निळ्याच कोटात होता. पांढरा कोट हा त्याच्या क्युरॅसियर घोडदळाचा समारंभी पोशाख, तो चित्रात नंतर चढला. तिसऱ्या चित्रात त्याच्या गळ्यात 'पूर ल मेरीत' हे पदक आहे. ते त्याला मिळाले १८८४ साली, प्रसंगानंतर तेरा वर्षांनी. युद्धमंत्री रून चित्रात ठळक उभा आहे. तो त्या दिवशी आजारी होता, दालनात आलाच नव्हता. दहावीच्या एनसीईआरटी इतिहासात हेच तिसरे चित्र आहे आणि खालच्या मजकुरात रूनचे नावही आहे. चित्रात तो आहे, म्हणून मजकूर चूक म्हणता येत नाही. पण पोरगा त्यावरून रून व्हर्सायला होता असेच लिहिणार आणि त्याला पूर्ण गुण मिळणार.

चित्रात जे नाही तेही सांगायला हवे. समारंभाच्या आदल्या दिवसापर्यंत पदवीवरून वाद चालू होता. विल्हेल्मला 'जर्मनीचा सम्राट' हवे होते, बिस्मार्कने 'जर्मन सम्राट' एवढेच ठरवून आणले होते. दोन शब्दांत फरक वाटत नाही, पण पहिल्यात बव्हेरियासारख्या राज्यांच्या जमिनीवर हक्क सांगितल्यासारखे होत होते. शेवटी जयघोष करताना बाडेनच्या ग्रँड ड्यूकने दोन्ही टाळून नुसता 'सम्राट विल्हेल्म' असा पुकारा केला. त्याचा उंचावलेला हात चित्रात आहे तो त्याच क्षणाचा. समारंभ आटोपल्यावर सम्राट चौथऱ्यावरून उतरून बिस्मार्कशी हात न मिळवता पुढे गेला, असे बिस्मार्कनेच आपल्या आठवणींत नोंदवले आहे. जो माणूस त्या दिवशी डावलला गेला तो तिसऱ्या चित्रात मधोमध पांढरा उभा आहे. दुर्गा उत्सवाच्या बॅनरवर कोणाचा फोटो केवढा हे वर्गणीवरून ठरते हे आपल्याकडे सगळ्यांना कळते. जर्मन तैलचित्राच्या बाबतीत मात्र आपण चटकन हात जोडतो.

आपल्या लेखकाने वेर्नरला 'कॅमेऱ्यासारखा साक्षीदार' म्हटले आहे. आमचे म्हणणे असे की साक्षीदार तो होताच. जानेवारी १८७१ मध्ये तो कार्ल्सरूहला होता, तिथे त्याला युवराजाच्या गोटातून व्हर्सायला येण्याची तार गेली आणि तो वेळेवर पोचला. समारंभ फार साधा आणि फार थोडक्यात उरकला, असे त्याने पुढे आपल्या आठवणींत लिहिले. चित्र बघून मात्र तसे वाटत नाही. बटण, पट्टा, तलवारीची मूठ, चेहऱ्याची ठेवण हे सगळे त्याने माणसे समोर बसवून टिपलेले असायचे. पण कोण कुठे उभा राहील, कोणाचा कोट कुठल्या रंगाचा, हे चित्र मागवणाऱ्याच्या मर्जीने ठरे. बटण अचूक आहे म्हणून प्रसंगही अचूक आहे असे धरायचे नाही. वेर्नर वाचायची ही पहिली पायरी, आणि तिच्याशिवाय त्याच्या चित्रांचा इतिहास शिकवायला काही उपयोग नाही.

लेखात त्याचे लहानपण एका वाक्यात संपवले. आमच्यासारख्यांना तीच जागा महत्त्वाची वाटते. जन्म ९ मे १८४३, ओडर नदीकाठच्या फ्रँकफुर्टचा (मोठे फ्रँकफुर्ट वेगळे, ते माइन नदीवर). चौदाव्या वर्षी तो घरांच्या खोल्या रंगवणाऱ्या कारागिराकडे उमेदवारीला लागला. भिंत घासणे, चुना, सरस, पट्ट्या ओढणे, छताला वेलबुट्टी काढणे, ही त्याची पहिली शाळा. बर्लिनच्या अकादमीत तो १८६० ला गेला आणि दोन वर्षांनी कार्ल्सरूहला. पुढे त्याने जी अवाढव्य कामे पेलली त्यांचे मूळ या रंगाऱ्याच्या उमेदवारीत आहे. जून १८७१ मध्ये बर्लिनला विजयी फौजेची मिरवणूक निघाली तेव्हा रस्त्यावर आडवे टांगायला त्याने कापडावर भले मोठे चित्र करून दिले. बर्लिनच्या विजयस्तंभाच्या पायथ्याशी काचेच्या तुकड्यांचे गोल चित्र आहे, त्याचा आराखडाही त्याचाच, तुकडे व्हेनिसच्या कारागिरांनी बसवले. १८७५ पासून तो बर्लिनच्या कला विद्यालयाचा प्रमुख झाला. पुढचे तपशील लेखात आले आहेत, ते पुन्हा सांगत नाही.

एका चित्राचा मात्र लेखात उल्लेखच नाही आणि आमच्या मते तेच त्याचे सर्वांत चांगले. १८९४ चे, 'पॅरिसपुढचा मुक्काम' म्हणता येईल असे, बर्लिनच्या जुन्या राष्ट्रीय कलादालनात आहे. ऑक्टोबर १८७० मध्ये पॅरिसजवळच्या एका रिकाम्या हवेलीत जर्मन सैनिक उतरले होते. तिथे काढलेल्या रेखाटनावरून त्याने चोवीस वर्षांनी हे चित्र उभे केले. दिवाणखाना सोनेरी नक्षीचा. एक सैनिक पियानो वाजवतो आहे, दुसरा त्याच्याशेजारी उभा राहून गातो आहे, एकजण शेकोटी पेटवतो आहे. आणि सगळ्यांच्या बुटांना गुडघ्यापर्यंत चिखल. तो चिखल जवळून पाहावा. नुसता तपकिरी रंग फासलेला नाही. पोटरीवर वाळून फिका पडलेला वेगळा, टाचेजवळ अजून ओला आणि काळपट तो वेगळा. धानाच्या बांधीतून आलेल्या माणसाचे पाय ज्याने पाहिले आहेत त्याला हा फरक सांगावा लागत नाही. शेजारच्या खुर्चीचे रेशमी कापड त्याच माणसाने रंगवले आहे, पण तिथे कुंचला गुळगुळीत फिरला आहे. एकाही माणसाची तलवार वर नाही. मागवलेल्या चित्रात जे जमत नाही ते इथे जमले, कारण इथे कोणाला मधोमध उभे करायचे नव्हते.

आता सेदानच्या गोल पटाकडे (पॅनोरमा, म्हणजे बघणाऱ्याच्या चहूबाजूंनी गोल टांगलेले चित्र). लेखात त्याला 'मोठे चित्र' म्हटले आहे. मोठे म्हणजे केवढे ते सांगायला हवे होते. फ्रान्सविरुद्धच्या त्याच युद्धातली सेदानची लढाई १ सप्टेंबर १८७० ची. बरोबर तेरा वर्षांनी, १ सप्टेंबर १८८३ ला, बर्लिनमध्ये अलेक्झांडरप्लाट्झजवळ खास बांधलेल्या गोल इमारतीत हा पट लोकांसाठी उघडला. उंची सुमारे १५ मीटर, घेर सुमारे ११५ मीटर. म्हणजे सव्वासतराशे चौरस मीटर, अर्ध्या एकराला थोडे कमी. आपल्याकडचा नाटकाचा पडदा २० फूट बाय १२ फूट धरला तर असे सत्त्याहत्तर पडदे. हे एकट्याचे काम नसते. जमीन, झाडे आणि आकाश ऑयगेन ब्राख्ट या निसर्गचित्रकाराकडे होते. माणसे आणि घोडे रंगवणाऱ्यांत कार्ल रोख्लिंग होता, जो पुढे स्वतः युद्धचित्रकार म्हणून नावाजला. वेर्नर आराखड्याचा आणि शेवटच्या हाताचा धनी.

गोल पट कसा टांगतात ते कळले की त्यात काय बिघडते तेही कळते. कापडाच्या उभ्या पट्ट्या एकमेकींना शिवून वर लोखंडी कड्याला अडकवतात, खाली दुसरे कडे आणि त्याला वजने. ताण बसला की कापड सरळ नळीसारखे राहत नाही, कमरेत आत येते, डमरूसारखे. हा दोष काढून टाकता येत नाही, तो धरूनच रंगवावे लागते. दुसरी अडचण सरळ रेघांची. बघणारा मधल्या मंचावर उभा. त्याच्या डोळ्याच्या उंचीची रेघ, म्हणजे क्षितिज, सरळ दिसते. पण त्याच्या वरची घराच्या पाख्याची किंवा खालची बांधाची रेघ कापडावर पट्टीने ओढली तर मंचावरून ती वाकडी दिसते. ती मुद्दाम वाक देऊन काढावी लागते. आणि परांचीवर चढलेल्याला यातले काहीच दिसत नाही. म्हणून रंगवणारा वर, बघणारा मंचावर, आणि खालून ओरडून सांगायचे, अशी पद्धत होती. मंचावरचा माणूस डुलकी काढू लागला की दुसऱ्या दिवशी घोड्याला पाचवा पाय निघालाच समजा.

पटाची वरची कड प्रेक्षकाला दिसू नये म्हणून मंचावर छत्रीसारखे छत असे. त्याच्या आडून काचेतून आलेला उजेड फक्त चित्रावर पडायचा. प्रेक्षक आधी अंधाऱ्या वाटेने आणि जिन्याने वर यायचा, म्हणजे डोळे बाहेरचा उजेड विसरायचे. आणि मंच ते कापड या मधल्या जागेत खरी माती, झुडपे, मोडकी गाडी, फुटके खोके. खरी वस्तू कुठे संपते आणि रंगवलेली कुठे सुरू होते हे कळू द्यायचे नाही. सेदानचा पट आता राहिलेला नाही. पण स्वित्झर्लंडच्या ल्युसर्नमध्ये १८८१ चा बूर्बाकी या फ्रेंच सेनापतीच्या फौजेचा पट आजही त्याच्या गोल इमारतीत आहे, आणि पोलंडच्या व्रोत्स्वाफमध्ये रात्सवावित्सेच्या लढाईचा. बूर्बाकीचा मुळात जवळजवळ सेदानएवढा उंच होता, मधल्या काळात कापला गेल्याने आता दहा मीटरच उरला आहे. त्यात जिंकणारे नाहीत. हरलेली, थंडीने गारठलेली फ्रेंच फौज सीमा ओलांडून बंदुका खाली ठेवते आहे. गोल पटाचा सगळा थाट विजयासाठी असताना हा एक वेगळा निघाला.

झाडीपट्टीच्या मंचावर हीच युक्ती लहान प्रमाणात चालते. जंगलाच्या पडद्यापुढे पळसाची किंवा बांबूची खरी फांदी रोवायची, पडद्याच्या खालच्या कडेला तणस पसरायची. फसते ते उजेडात. समोरच्या दिव्याने फांदीची सावली सरळ रंगवलेल्या आकाशावर पडते आणि आकाश म्हणजे कापड आहे हे शेवटच्या रांगेलाही कळते. फांदी पडद्यापासून निदान तीन-चार फूट पुढे आणि दिवा बाजूने, एवढे केले की सावली पडदा सोडून विंगेत जाते. शिवाय पडद्यावरच्या झाडांची सावली ज्या बाजूला रंगवली आहे त्याच बाजूला खऱ्या फांदीची पडली पाहिजे. पडदा डावीकडून उजळलेला आणि दिवा उजवीकडे, ही चूक अजूनही सर्रास होते.

पुरवणीतल्या चित्रावरून पडदा करणाऱ्यांसाठी चार गोष्टी, कारण हे पत्र तेही वाचतील. सहा इंची छापील चित्र अठरा फुटांवर नेले तर वाढ छत्तीस पट. चौकटी आखताना पेन्सिलची रेघ एक मिलिमीटर सरकली तर पडद्यावर ती ३६ मिलिमीटर सरकते, म्हणजे माणसाचा डोळा गालावर येतो. छापील चित्रावर अर्ध्या इंचाच्या चौकटी आखाव्यात आणि पडद्यावर दीड-दीड फुटाच्या. चेहऱ्याच्या चौकटीत पुन्हा चार भाग पाडावेत. छापील चित्राची एक बाजू कापलेली असेल तर उंची-रुंदीचे प्रमाण बिघडते. मग पेंटर मोकळी जागा भरायला मनाने माणसे घालतो. असे मनाने घातलेले सेनापती आमच्याकडे बऱ्याच भिंतींवर आहेत.

मांजरपाटाला आधी सरस द्यावा लागतो, नाहीतर कापड रंग पिते. एक लिटर पाण्याला ६०-७० ग्रॅम सरस रात्रभर भिजवायचा आणि सकाळी गरम पाण्याच्या भांड्यात दुसरे भांडे ठेवून विरघळवायचा. उकळू द्यायचा नाही, उकळला की त्याची पकड जाते. सरस जास्त झाला तर पडदा गुंडाळताना रंगाला तडे जातात. कमी झाला तर रंग पिठासारखा सुटतो आणि पडदा ओढणाऱ्याचे हात निळे होतात. नाटके थंडीतली, रात्रभर चालणारी, पहाटे दहिवर पडते. सरसाचा रंग ओलावा धरतो, म्हणून पडदा सकाळी ओला असताना गुंडाळू नये, ऊन लागू द्यावे. नाहीतर आठ दिवसांत बुरशीचे काळे ठिपके येतात आणि ते पुसून जात नाहीत. गुंडाळताना रंगाची बाजू बाहेर ठेवावी. बहुतेक लोक ती जपायची म्हणून आत ठेवतात. त्याने रंग दाबला जाऊन सुरकुततो. दोन इंची बांबूपेक्षा सहा इंची प्लास्टिक पाइप बरा, कारण गुंडाळी जितकी रुंद तितके तडे कमी. स्वित्झर्लंडमधल्या मुर्टेनच्या १४७६ च्या लढाईचा लुई ब्राउन या जर्मन चित्रकाराने केलेला गोल पट दहा मीटर बाय शंभर मीटरचा आहे. तो अनेक दशके गुंडाळून पडला होता आणि तरी आज शाबूत आहे.

फ्लेक्स आल्यापासून हे सगळे कशाला, असे म्हणणारे आहेत. फ्लेक्सवर दिवा पडला की तो चकाकतो आणि दरबाराच्या मधोमध पांढरा डाग दिसतो. ज्यांना चालते त्यांनी लावावा.

गणवेशाबद्दल लेखात 'जर्मन सैन्याचा निळा गणवेश' असे सरसकट लिहिले आहे. १८७१ पर्यंत जर्मन असे एक सैन्यच नव्हते, निरनिराळ्या राज्यांच्या फौजा एकत्र लढत होत्या. प्रशियाचे पायदळ गडद निळ्या कोटात, डोक्यावर टोक असलेले शिरस्त्राण. बव्हेरियाचे फिकट, आकाशी निळ्या कोटात, आणि त्यांच्या शिरस्त्राणावर टोक नसे. पुढून मागे गेलेला काळा केसाळ तुरा असे, मोठ्या सुरवंटासारखा. तो १८८६ पर्यंत टिकला. भिंतीवर १८७० चे बव्हेरियन टोकदार शिरस्त्राणात काढले तर ते चूकच. बिस्मार्कच्या सातव्या क्युरॅसियर पलटणीच्या पांढऱ्या कोटाची कॉलर पिवळी, हेही पुष्कळदा लाल रंगवलेले दिसते. खात्री करायची तर रिखार्ड क्नोटेल (१८५७ ते १९१४) याचे गणवेशांचे चित्रसंच बघावेत. हजाराहून जास्त पाने आहेत आणि जुनी असल्यामुळे पुष्कळशी मोबाइलवर बघायला मिळतात. तो वेर्नरइतका मोठा चित्रकार नव्हता. पण कोटाला किती बटणे हे विचारायचे असेल तर आधी त्याच्याकडे जावे.

लेखाच्या शेवटी वेर्नरला 'विस्मृतीत ढकलला गेलेला महान कलावंत' म्हटले आहे. ढकलण्यात त्याचाही हात होता. १८९२ च्या नोव्हेंबरमध्ये नॉर्वेचा नव्या वळणाचा चित्रकार एडवर्ड मुंक याचे प्रदर्शन बर्लिनच्या चित्रकार संघाने आठवडाभरात बंद केले, तेव्हा संघाचा अध्यक्ष वेर्नर होता. नवे चित्रकार चिडले, १८९८ मध्ये वेगळे निघाले आणि पुढच्या पिढीने त्यांच्या बाजूने इतिहास लिहिला. ४ जानेवारी १९१५ ला वेर्नर बर्लिनला वारला. पुन्हा युद्ध चालू होते, पण आता सैनिक राखाडी कपड्यात खंदकात बसले होते आणि तलवार उंचावलेले दालन कुठे उरले नव्हते. ज्या आरसेमहालावर त्याने आयुष्याची चौदा वर्षे घालवली त्याच दालनात २८ जून १९१९ ला जर्मनीला तहावर सही करावी लागली. ते चित्र दुसऱ्यांनी काढले.

आमची मागणी फार नाही. पुढच्या अंकात दुरुस्ती छापावी. छापलेले चित्र १८७७ चे, पहिले, नष्ट झालेले. सोबत १८८५ चे रंगीत चित्र न कापता छापले तर दोन्ही शेजारी ठेवून वर्गात दाखवता येतील. आणि यापुढे ऐतिहासिक चित्राखाली प्रसंगाचे साल आणि चित्र रंगवल्याचे साल अशी दोन्ही साले वेगवेगळी द्यावीत. जागा अर्ध्या ओळीची लागते.

कळावे,
झाडीपट्टीतील काही पडदे रंगवणारे व चित्रकला शिक्षक,
देसाईगंज (वडसा), जि. गडचिरोली

ता. क. शाळेच्या भिंतीवर प्रशियाचा कोट काढताना दुकानदार नावावरून 'प्रशियन ब्लू' देतो. कापडावर आणि कागदावर तो उत्तम. ताज्या चुन्याच्या किंवा नव्या सिमेंटच्या भिंतीवर लावू नये. चुन्याच्या खाराने त्यातला निळेपणा मरतो आणि कोट गंजल्यासारखा तपकिरी होतो. भिंतीला अल्ट्रामरीन घ्यावा, म्हणजे आपली कपड्यांची नीळ ज्या जातीची तोच रंग. त्यात चिमूटभर काळा मिसळला की प्रशियाचा गडद निळा मिळतो.